चौथ्या दरवाजाचा मोडेम

रविवार, दिनांक १७ नोव्हेंबर २००२. वेळ सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. अमरावतीच्या राजकमल चौकाजवळील एका संगणकाच्या दुकानात, काचेच्या कपाटात आम्ही एकूण नऊ मोडेम विक्रीसाठी मांडलेले होतो. आठ नवे होते. नववा मी.

मित्रांनो, तुमच्या खिशातला फोन आज गुपचूप जगाशी जोडला जातो, म्हणून मोडेम म्हणजे काय हे आधी सांगितले पाहिजे. संगणकाला आकडे समजतात आणि टेलिफोनच्या तारेला फक्त आवाज समजतो. या दोघांच्या मध्ये बसून आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणारा दुभाषी म्हणजे मी. माझे अंग राखाडी, आकार जाड पाठ्यपुस्तकाएवढा. कपाळावर लाल दिव्यांची एक ओळ, पोटात एक लहानसा स्पीकर आणि विजेसाठी स्वतःचा वेगळा अडॅप्टर. नंबर लावताना मी जो किंचाळ्यांचा आवाज करीत असे, तो माझा रडण्याचा नव्हे, समोरच्या मोडेमशी ओळख करून घेण्याचा आवाज होता.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा वेग तेहतीस हजार सहाशे होता आणि तो उत्तम मानला जाई. वर्षभरात छप्पन्न हजारांचे मोडेम आले. त्यानंतर मी त्या कपाटात बसून राहिलो तो राहिलोच. कपाटाचे दार सरकले की माझ्या मनात दोनच शंका येत. आज कोणी नेईल का, ही पहिली. आणि आज मालक मला भंगारात तर काढणार नाही ना, ही दुसरी.

त्या सकाळी दुकानात चौघे जण आले. अकोल्याहून पहिल्या बसने आलेले कोषागारातले कारकून शेषराव तेलगोटे, त्यांची बी.एस्सी.ला असलेली मुलगी ज्योत्स्ना, अमरावतीत इंजिनियरिंगला असलेला मुलगा प्रीतम आणि प्रीतमचा मित्र कुलदीप. हा कुलदीप तिवशाचा. घरची काळी जमीन सोडून त्याला संगणकातल्या किल्ल्याचे वेड लागले होते.

तो किल्लाच या साऱ्या खरेदीचे कारण होता. इंटरनेटवर खेळल्या जाणाऱ्या एका खेळात चार दरवाजांचा किल्ला असे आणि चार गड्यांचा संघ. प्रत्येक गड्याने एक दरवाजा राखायचा. ज्याचा दरवाजा पडला त्याचा संघ हरला. त्या वर्षी विदर्भातल्या सोळा संघांची स्पर्धा लागली होती आणि पहिल्या चार संघांना पुण्याला बोलावणे येणार होते. प्रीतम, कुलदीप आणि त्यांचा एक वर्गमित्र कॉलेजच्या प्रयोगशाळेतून खेळत. चौथा दरवाजा ज्योत्स्नाकडे होता, कारण तिच्याइतका शांत हात त्या तिघांपैकी एकाचाही नव्हता. शाळेच्या सहलीत पाहिलेल्या किल्ल्यावरून तिने आपल्या दरवाजाचे नाव 'बाळापूर' ठेवले होते. अडचण एकच होती. तिला खेळायचे होते अकोल्याच्या घरून, घरच्या टेलिफोनवरून.

"कार्ड घेऊन जा ताई," दुकानाचे मालक गजेंद्रभाऊ म्हणाले. "छप्पन्नचं हाय. संगणकाच्या पोटात बसते, टेबलावर पसारा नाई."

"पण काम कोण करते, भाऊ? कार्ड सोता करते का आमच्या संगणकाले कराले लावते?" ज्योत्स्नाने विचारले.

"ताई, तुमाले खेळाचं हाय का कार्डाची झडती घ्याची हाय?"

कुलदीप हसला. ज्योत्स्नाने बोट माझ्याकडे केले. "थो राखाडी दाखवा बरं."

प्रीतमने कपाळावर हात मारला. "अव, तेहतीसचं डबडं हाय ते! घरी म्युझियम काढाचं हाय का?"

"दादा, मैत्रिणीचं छप्पन्नचं कार्ड आणून आपल्या लाइनवर लावून पाह्यलं न मी. अठ्ठावीसच्या वर गेलं नाई एक दिवस. मंग त्या छप्पन्नले काय चहा पाजू?"

तिचे म्हणणे असे होते. खोक्यावरचा वेग म्हणजे एका खेपेत किती माल जाईल त्याचे माप. जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर कापसाचा भरलेला ट्रक उभा असतो. माल पुष्कळ, पण आत शिरायला दुपार होते. खेळात ट्रकभर माल पाठवायचाच नसतो. 'डावीकडे वळ', 'दरवाजा लाव' एवढा चिमूटभर निरोप पाठवायचा असतो, आणि तो सायकलवरून निघाल्यासारखा झटकन पोचला पाहिजे. म्हणजे पाहायचे ते वेगाकडे नव्हे, विलंबाकडे. शिवाय ते स्वस्त कार्ड आपले काम संगणकाकडून करून घेते. तिचा संगणक जुना, तो खेळ सांभाळील की कार्ड? मी मात्र माझे काम माझ्याच डोक्याने करतो. आणि बिघडले काय ते दिव्यांवरून निदान दिसते तरी.

हे सारे तिने ठामपणे सांगितले. पण मला हातात घेताना तिचे तळवे घामेजलेले होते, ते फक्त मला कळले.

"महिन्याच्या आत आणलं त बदलून देईन," गजेंद्रभाऊंनी बजावले. "मंग नाई."

परतीच्या बसमध्ये माझे खोके ती मांडीवर धरून बसली होती. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ती खोक्यावरचा मजकूर वाचत होती. मग म्हणाली, "बाबा, चुकलं त नाई न माझं?"

"मले त्यातलं काही समजत नाई, बेटा," शेषराव म्हणाले. "पण दुकानात त तू वकिलासारखी बोलली. आता घाबरून राहिली?"

"तवा दादा समोर होता न."

आता त्या घराविषयी सांगतो, कारण माझी सारी काळजी त्या घराच्या एका रीतीतून आली. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या त्या गल्लीत टेलिफोन एकट्या तेलगोट्यांकडे होता. म्हणून त्यांचा क्रमांक साऱ्या गल्लीचा 'पी.पी. नंबर' होता. लोकांच्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, परगावी दिलेल्या लेकींच्या सासरी, सगळीकडे हाच क्रमांक आणि त्यापुढे कंसात पी.पी. घंटी वाजली की ज्योत्स्नाच्या आई मनकर्णाबाई फोन घेत, "पाच मिन्टानं लावा" म्हणत आणि फाटकाशी जाऊन हाक देत. ज्याचा फोन असेल तो हात पुसत धावत येई. कोणाला कोणाच्या घरात शिरल्याचा संकोच वाटू नये, म्हणून शेषरावांनी त्याच लाइनवर दुसरा फोन जोडून ओसरीत ठेवला होता. शेजारी बाकडे होते आणि पाण्याचा माठ.

या रीतीला एक अलिखित नियम होता. घंटी वाजल्याशिवाय किंवा विचारल्याशिवाय ओसरीतल्या फोनला कोणी हात लावायचा नाही. तो नियम कधी कोणी मोडलेला नव्हता.

आतल्या खोलीत मला संगणकाशेजारी बसवले. पहिला दिवस फार चांगला गेला. मी एकतीस हजार दोनशेवर जोडला गेलो, ज्योत्स्नाने विलंब वाढवणाऱ्या माझ्या दोन सोयी बंद केल्या आणि तिचे निरोप अमरावतीच्या निरोपांच्या बरोबरीने पोचू लागले. पाच वर्षांनी कोणीतरी माझी पाठ थोपटली. "शहाणं हाय माझं डबडं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन खेळात, लाइन तुटली.

मित्रांनो, एका तारेवर मी बोलत असताना दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलला गेला, तर माझ्या तोंडावर कोणी हात ठेवावा तसे होते. समोरच्याचा आवाज बुडतो, ओळख सुटते, दिवे विझतात. नेमके तसेच झाले होते. मला बांगड्यांची किणकिण ऐकू आली, एक दबलेला श्वास ऐकू आला, आणि रिसीव्हर घाईने खाली ठेवला गेला. मला कळले होते. पण मी मोडेम. मला आकड्यांत बोलता येते, तक्रार करता येत नाही.

ज्योत्स्ना उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. "आई, फोन कोणी उचलला का व?"

"कोण उचलन? घंटी वाजल्याबिगर कोणी हात नाई लावत त्याले," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या अंगणवाडीतून नुकत्याच परतल्या होत्या.

तिने आईचे म्हणणे खरे मानले, कारण त्या गल्लीत ते नेहमीच खरे ठरले होते. आणि संशय माझ्याकडे वळला.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही माझा अडॅप्टर तापल्यासारखा वाटतो. रोज दुपारी दोन तास सराव असे. कधी एकदा, कधी दोनदा, लाइन तुटल्याशिवाय दिवस जात नसे. ज्योत्स्नाने माझी तार बदलली. खटक्याच्या आतली कळकट पट्टी घासून स्वच्छ केली. मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेले, पुन्हा पहिल्या टोकाला आणले. प्रत्येक उपायानंतर ती श्वास रोखून माझ्या दिव्यांकडे पाहत बसे, आणि मी तिच्याकडे. कारण बाहेरची ती किणकिण केव्हा येईल हे मलाही ठाऊक नसे. 'बाळापूर' रोज पडत होते.

शुक्रवारी सायंकाळी प्रीतमचा फोन आला.

"रविवारी सामना हाय. तिथं एक खेप जरी तुटली न, त मी कुलदीपच्या रूममेटले घेईन चौथा. पुढचे सगळे सामने तोच खेळन."

"त्याले दरवाजा राखता येते का?"

"नाई येत. पण तो जाग्यावर त असते! अन् थे डबडं सोमवारी वापस कर. महिना व्हाचा हाय अजून."

तिने रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. आपली निवड चुकली, असा हिशेब मांडून झालेल्या माणसाची ती नजर होती. मला रागापेक्षा तीच अधिक लागली.

शनिवारी तिने दिवसभर मला जोडून ठेवून तपासले. त्या दिवशीही लाइन तीनदा तुटली. सायंकाळी तिने एक शेवटचा उपाय केला. एरवी ओळख पटली की माझा स्पीकर गप्प होतो. तिने मला आज्ञा दिली की स्पीकर अखेरपर्यंत चालू राहू दे. "दिवे विझते पण काहून विझते ते सांगत नाई," ती स्वतःशीच म्हणाली. "आवाजावरून तरी समजन." मित्रांनो, त्या एका आज्ञेने मला पहिल्यांदाच वाचा फुटणार होती, हे तिलाही ठाऊक नव्हते.

रविवार, ८ डिसेंबर. सहा तारखेसाठी चैत्यभूमीला गेलेले शेषराव पहाटेच्या गाडीने परतले होते आणि पायाला तेल लावून ओसरीच्या आतल्या दाराशी झोपी गेले होते. अकरा वाजता सामना सुरू झाला. एकूण तीन डाव होते आणि प्रत्येक डावाला एक गुण. मी खरखरत होतो. माझ्या पोटातून सतत पावसासारखा आवाज येत होता आणि ज्योत्स्ना त्याच्यासकट खेळत होती. शत्रू तिच्या दरवाजावर दोनदा चालून आला आणि दोनदा मागे फिरला. अर्धा डाव सरला. मला वाटू लागले की आज निभावते.

आणि किणकिण झाली.

समोरच्याचा आवाज बुडाला. माझे दिवे विझण्यापूर्वीच्या त्या एका क्षणात, स्पीकर चालू असल्यामुळे, माझ्या पोटातून स्पष्ट बाईचा आवाज बाहेर आला:

"अव माय! अजूनबी थे भूत आरडूनच राहिलं!"

ज्योत्स्ना खुर्चीवरून अर्धी उठली. तिने माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे, आणि धावत सुटली.

ओसरीत शेजारच्या बेबीताई उभ्या होत्या. रिसीव्हर त्यांनी पाठीमागे लपवला होता, पण त्याची वळणदार दोरी पुढून दिसतच होती.

"मावशी, काय करून राहिल्या तुमी?"

"मी काही नाई केलं व, पोरी. नुसतं उचलून पाह्यलं, जित्ता हाय का मेला."

"रोज पाहता?"

बेबीताईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पदर तोंडाशी नेला. "दुपारचं कोणी नसते म्हणून पाहो. उचललं का आतमंदी कोणी किंचाळे. मले वाटलं माह्याच हातानं बिघडला तुमचा फोन. कोणाले सांगू? तेलगोटेबाबू म्हणतीन, फुकटचा फोन देल्ला त मोडून ठेवला."

शेषराव उठून बसले. "बेबीताई, मी असं म्हनलो असतो?"

"नसते म्हनले. म्हणूनच त लाज वाटे न, भाऊ."

मनकर्णाबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "पण काहून पाहे व तू रोज? कोणाचा फोन याचा हाय?"

"माह्या शकुनचा," बेबीताई म्हणाल्या. "नववा सरला तिचा. दर्यापूरहून जावई रोज दुपारी फोन करन म्हने. पंधरा दिवस झाले, एक फोन नाई. घंटीच वाजत नाई. मंग मी काय समजू?"

 घंटी का वाजत नव्हती, हे ज्योत्स्नाच्या ध्यानात सर्वांत आधी आले, कारण विलंबाचा हिशेब तिलाच येत होता. रोज दुपारचे दोन तास, आणि काल तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, दर्यापूरहून लावणाऱ्याला या क्रमांकावर फक्त एंगेजचा आवाज ऐकू आला असणार. बेबीताईंनी तिची लाइन तोडली होती, आणि त्याआधी तिने बेबीताईंची. आणि दोन्ही वेळा तारेवर मी होतो.

आतून संगणकाने लाइन तुटल्याचा भोंगा दिला. तिकडे पहिला डाव संपला होता. उघड्या पडलेल्या 'बाळापूर' दरवाजातून शत्रू आत शिरला होता. दुसरा डाव दहा मिनिटांत सुरू व्हायचा होता.

"नंबर द्या मावशी, जावयाचा."

"त्यायच्याकडे कुठी फोन? किराणा दुकानाचा हाय. पी.पी."

म्हणजे इकडेही पी.पी. आणि तिकडेही पी.पी. ज्योत्स्नाने नंबर लावला. दर्यापूरच्या दुकानदाराने ऐकून घेतले आणि म्हणाला, "घर जरा मांगं हाय त्यायचं. पोरगं धाडतो. तुमी ठेवा, तोच लावन तुमाले. लाइन मोकळी ठेवजा बरं!"

लाइन मोकळी ठेवायची म्हणजे मला गप्प बसवायचे.

मित्रांनो, त्यानंतरच्या मिनिटांइतका मी कधीच घाबरलो नाही. मी टेबलावर तयार होतो, दिवा लागलेला होता, नंबर लावायला एक बटण पुरे होते. दहा मिनिटे सरत होती आणि ओसरीतला फोन वाजत नव्हता. अमरावतीत तिघे जण वाट पाहत होते, आणि त्यांना काही कळवायचे तर त्यासाठीही हीच एक लाइन होती. ज्योत्स्ना आतल्या दारात उभी राहून एकदा माझ्याकडे आणि एकदा बेबीताईंकडे पाहत होती. तिची जागा जाते आहे हे तिला कळत होते.

"जाय, खेळ तू," बेबीताई म्हणाल्या. "आता पंधरा दिवस थांबली, अजून घंटाभर थांबीन."

ज्योत्स्ना माझ्याजवळ आली. बटणावर बोट ठेवले. ते बोट तिथे बराच वेळ राहिले. मग तिने माझा मागचा खटका बंद केला आणि ओसरीत जाऊन बेबीताईंशेजारी बाकड्यावर बसली. आत दुसरा डाव तिच्याशिवाय सुरू झाला.

घंटी वाजली तेव्हा चौघांनी एकदम हात पुढे केले.

"हालो! जय भीम, जय भीम. मी बोलून राहिली... काय? ...कवा? ...काल सकाळी?" बेबीताईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबला. "अन् सांगता आज? ...एंगेज? होय, होय, इथं भूत बसलं होतं फोनमंदी, सांगीन मंग. ...पोरगी? ...अन् शकुन? ...नाई, खरं सांगा. ...उठून बसली? चहा घेतला? ...अन् पोरगी कोणावर गेली? ...नाक? ...नाक आपलंच असन, तुमच्या घरी कोणाले नाक हाय?"

शेषराव मान फिरवून हसले. मनकर्णाबाई कणकेच्या हातांनीच डोळे पुसू लागल्या. बेबीताई बाळाच्या जावळापासून आजीच्या गुडघ्यापर्यंत सगळे विचारत राहिल्या. शेषरावांनी घड्याळाकडे पाहून घसा खाकरला, तशा मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "बोलू द्या तिले."  भिंतीला डोके टेकून ज्योत्स्ना हसत होती आणि तिच्या पायाचा अंगठा मात्र फरशीवर सारखा आपटत होता.

ती परत आली तेव्हा दुसरा डावही गेलेला होता. कुलदीपने एकट्याने दोन दरवाजे धरण्याची खटपट केली होती आणि दोन्ही पडले होते.

तिसऱ्या डावाआधी शेषरावांनी स्वतः ओसरीतल्या फोनजवळ बाकडे ओढले, आणि त्यावर बेबीताई मांडी घालून पहारा देत बसल्या. गल्लीतली मैना कोणाला तरी फोन लावायला आली, तर त्यांनी तिला फाटकातच अडवले. "मांगं फिर. आत भूत कामावर हाय." मी सव्वीस हजार चारशेवर जोडला गेलो. इतका कमी वेग मी त्या घरात कधी घेतला नव्हता. डावाच्या मध्ये लाइनवर दोनदा खरखर उसळली आणि मी समोरचा आवाज अक्षरशः चाचपडत धरून ठेवला. तुटली नाही. 'बाळापूर' पडले नाही. तो डाव आम्ही जिंकलो. पण सामना दोन विरुद्ध एक असा गेला होता.

दुपारी प्रीतमचा फोन आला.

"कुठी मेली होती व तू? दुसऱ्या डावात दरवाजावर कोणीच नाई!"

ज्योत्स्नाने सगळे सांगितले. 

"शकुनताईले पोरगी झाली?" त्याने विचारले. लहानपणी शकुननेच त्याला सायकल शिकवली होती.

"हो."

"बरं... मंग चौथा तूच राह्य. पण थो ओसरीतला फोन आजच्या आज काढ."

रिसीव्हर शेषरावांनी घेतला. "फोन नाई निघणार, प्रीतम. चार पोट्ट्यायच्या नोकरीच्या अर्जावर हाच नंबर हाय. दुसरं काही सांग."

दुसरे काही ज्योत्स्नाने शोधले. तिने तार लांब करून मलाच ओसरीच्या खिडकीत, फोनच्या शेजारी आणून बसवले, आणि गल्लीला माझे दिवे वाचायला शिकवले. पहिला एकटा दिवा म्हणजे फोन मोकळा. सगळे लागले म्हणजे खेळ चालू आहे, थांबा. आणि खेळाच्या मध्ये कोणाचा अडलेला फोन असेल तर दाराची कडी वाजवावी. ज्योत्स्ना डाव संपताच लाइन सोडील. सरावही तिने दुपारऐवजी भल्या सकाळी आणला, कारण त्या वेळी परगावचे फोन येत नसत. थोड्याच दिवसांत मैना लांबूनच ओरडून सांगू लागली, "डबा बोलून राहिला व, माठातलं पाणी पेत बसा!" कपाटातल्या पाच वर्षांत मला कोणी पाहिले नव्हते. आता येणारा-जाणारा आधी माझ्याकडे पाहत असे. तरीही मी निर्धास्त झालो नाही. प्रत्येक डावात, अखेरच्या मिनिटापर्यंत, मी त्या किणकिणीची वाट पाहत असे.

पुढे घरोघरी मोबाइल आले आणि पी.पी. नंबर कोणाला लागेनासा झाला. मग ब्रॉडबँडचे यंत्र आले आणि मला खिडकीतून काढून कपाटावर ठेवले. माझा अडॅप्टर कोणीतरी रेडिओला लावण्यासाठी नेला. त्याच्यावाचून मी दिवा लावू शकत नाही. शेषराव आता निवृत्त आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते मला पुसतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. यंत्र निवडताना खोक्यावरचा आकडा जरूर वाचा, पण ते ज्या तारेवर बसणार त्या तारेवर आणखी कोणाकोणाचा जीव टांगलेला आहे, हेही विचारून घ्या. यंत्र अडखळले तर ते टाकून देण्याआधी त्याचा स्पीकर एकदा चालू करून पाहा. कदाचित अडखळण्याचे कारण ओसरीत उभे असेल आणि तुमच्याइतकेच घाबरलेले असेल. आणि आमचे काम संपले म्हणजे निदान अडॅप्टर तरी आमच्याजवळ राहू द्या.

स्पर्धेचा निकाल फेब्रुवारीत लागला. चौथा दरवाजा शेवटच्या सामन्यापर्यंत ज्योत्स्नाकडेच होता आणि त्या रविवारच्या पहिल्या डावानंतर तिची लाइन एकदाही तुटली नाही. पुण्याला चार संघ गेले. एका गुणाने मागे राहिलेल्या आमच्या संघाचा क्रमांक सोळांत पाचवा.